चार बोटांचे अंतर

बूच उजवीकडे फिरवले की बंद, डावीकडे फिरवले की उघडे.

बुधवारी सहा गोळ्या. गुरुवारी मळमळ.

एका जाड शब्दकोशाची पाठ उसवली आहे आणि निम्मी पाने एकाच दोऱ्यावर लोंबत आहेत.

"वन्सं, तुमचा देव उठला का? नाही, म्हणजे त्याप्रमाणे पाणी तापत ठेवते."

लॉन्ड्रीतला पहिला नियम: कपडा पाण्यात टाकण्याआधी खिसे तपासायचे.

चार बटणे, त्यांतले एक वेगळ्या रंगाचे.

मित्रांनो, या ओळी एकाच घरात राहत असतील असे तुम्हाला वाटणार नाही. पण राहतात. मी त्या घरातली शेकायची पिशवी. रबराची, विटकरी रंगाची, आणि आता मानेला चीर गेलेली. माझ्यात पाणी राहत नाही, त्यामुळे सांगायला वेळच वेळ आहे.

सूचना १ : पिशवी दोन तृतीयांशच भरावी. उकळते पाणी भरू नये.

माझ्या डब्यात सूचनांचा एक कागद होता. माणसे तो वाचत नाहीत. मी मात्र पाठ केला, कारण डब्यात वाचायला दुसरे काही नव्हते.

माझा जन्म दाबाखाली झाला. रबराचे दोन मऊ तुकडे तापलेल्या लोखंडी साच्यात गेले, वरून वजन आले, आणि साचा उघडला तेव्हा मला पोट होते, मान होती आणि अंगभर बारीक रेघा होत्या. मी गरम होते. गरम असणे म्हणजेच असणे, अशी माझी तेव्हा जी समजूत झाली ती पुढे बरीच वर्षे टिकली. मग एका बाईने माझ्यात हवा भरून मला पाण्याच्या टाकीत बुडवले, कुठे बुडबुडा येतो का ते पाहिले आणि पोटावर एक चापट मारून मला पुढे ढकलले. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

तिथून मी औषधांच्या दुकानात आले. एका बाजूला थर्मामीटर, दुसऱ्या बाजूला कापसाची बंडले. आठ महिने मी गिऱ्हाइके पाहिली. त्यांच्या दोन तऱ्हा असतात. पहिली सर्दी-खोकल्याची. ती घाईत येतात आणि बरी झाली की दुकान विसरतात. दुसरी कायमच्या दुखण्याची. त्यांना दुकानदाराच्या मुलांची नावे ठाऊक असतात, आपले औषध कोणत्या फळीवर आहे तेही ठाऊक असते, आणि आत आल्यावर ती आधी बसायला जागा बघतात.

बाइंडरबाई आल्या त्या स्टुलावर बसल्या आणि मग बोलल्या.

"सकाळी हात उघडतच नाहीत हो. काहीतरी द्या."

"ही घेऊन बघा. आखडलेल्या हातांना बरी."

"बरी म्हणजे किती बरी?"

"बाई, पिशवी आहे. पिशवीइतकी."

त्या हसल्या. पण त्यांनी मला हातात घेतले नाही. दुकानदाराने न सांगता मला कापडी थैलीत घातले आणि थैली त्यांच्या कोपराला अडकवली. हातांचे काय झाले आहे ते मला तिथेच समजले.

सूचना ५ : गवसणीशिवाय अंगाला लावू नये.

घर दोन खोल्यांचे. मागच्या खोलीत राहणे, पुढच्या खोलीत काम. पुढे पुस्तके दाबायचा एक लोखंडी प्रेस होता, पुठ्ठ्यांची चळत होती, खळीचे भांडे, सुया, मेण लावलेला दोरा, आणि उरलेल्या जागेत फाटकी पुस्तके. ग्रंथालयाची, शाळांची, कुठल्या कुठल्या कचेऱ्यांची. पुस्तके बांधण्याचे हे काम बाइंडरबाईंना वडिलांनी शिकवले होते. सव्वीस वर्षे त्या तेच करत होत्या.

मी आले तेव्हा त्यांच्या सांध्यांच्या आजाराला तीन वर्षे झाली होती. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावले होते, की अंगातले रखवालदार घरच्याच माणसांना चोर समजून बडवायला लागले आहेत. बोटे सुजतात ती त्यामुळे. हे दुखणे घालवता येत नाही, आवरता येते. त्यासाठी बुधवारच्या सहा गोळ्या. त्या घेतल्या की दुसरा दिवस पोट ढवळण्यात जाई. एवढे करूनही रोज सकाळी हात लाकडासारखे उठत आणि बोटे उघडायला तासभर लागे. तो तास माझा होता.

पहिल्याच आठवड्यात बाइंडरबाईंनी मला गवसणी शिवली. पुस्तकांना लावतात त्या हिरव्या जाड कापडाची, आतून अस्तर, आणि त्यांच्या बोटांना जमतील अशी चार मोठी बटणे. शिवता शिवता त्यांनी अस्तराला एक छोटा कप्पाही लावून टाकला. ग्रंथालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर कार्डासाठी असतो ना, अगदी तसा.

"पिशवीला खिसा कशाला, वन्सं?" वहिनीने विचारले. "कुणी तिला वाचायला घरी नेणारेय का?"

"हातांनी लावला. मला विचारलं नाही त्यांनी," बाइंडरबाई म्हणाल्या.

वहिनी म्हणजे त्यांच्या मोठ्या भावाची बायको. भाऊ बोटीवर कामाला होता. वर्षातून दोनदा घरी येई. बाकीचे दिवस या दोघीच. वहिनी एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीवर होती, आणि सात वाजता तिथे हजर व्हावे लागे. म्हणून ती सहाला उठून मला भरायची. भरल्यावर मला आडवी धरून पाणी अगदी मानेपर्यंत येऊ द्यायची, आतली हवा बाहेर काढायची, मग बूच. शेवटी मला स्वतःच्या गालाला लावून बघायची. दिवसभर इस्त्रीजवळ उभ्या राहणाऱ्या बाईला गरम काय आणि फार गरम काय हे गालानेच कळते. मला आजवर तिच्याइतके कोणी नीट भरलेले नाही. एक बटण तुटले तेव्हा तिनेच दुसरे लावले, लाल. हिरव्यावर लाल. "ठसठशीत दिसतं," म्हणाली.

आता फटीची गोष्ट सांगते.

बाइंडरबाई रोज काम सुरू करण्याआधी प्रेससमोर उभ्या राहून हात जोडत. समोर काही नसे, नुसते थंड लोखंड. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच वेळ. त्यांचे वडील असेच करत, आणि हात कसे जोडायचे तेही त्यांनीच शिकवले होते. चांगल्या बांधलेल्या पुस्तकासारखे. तळव्यांच्या मध्ये कागदसुद्धा जाता कामा नये. फट राहिली की पुस्तक कच्चे.

आजाराने बोटे वाकू लागली तशी तळव्यांत फट पडू लागली. बाइंडरबाई ती आपल्या कामाच्या मापाने मोजत. आधी एका फर्म्याची, म्हणजे सोळा पानांच्या घडीची फट. मग शंभर पानी वहीची. मग हजेरीच्या पुस्तकाची. एका सकाळी त्या प्रेससमोर उभ्या राहिल्या, हात वर घेतले, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले आणि तसेच खाली सोडले.

"आज नाही का भेटायचं त्याला?" वहिनी चपला शोधत म्हणाली.

"फट पडते."

"पडली तर पडली."

"कच्चं पुस्तक मी तरी ठेवून घेते का गं? परतच करते ना. तो तरी कशाला घेईल."

वहिनीने दुसरी चप्पल पलंगाखालून ओढून काढली. ती नेहमी म्हणायची, माझं देवाशी भांडण नाही, ओळखच नाही. ती चपला घालून गेली.

मित्रांनो, बोटे दुखतात म्हणून बाइंडरबाई कधी रडल्या नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी मला तोंडाशी घेतले आणि माझी हिरवी गवसणी ओली झाली. ज्याच्याशी रोज सकाळी बोलायचे त्याने दार लावून घेतले, असे त्यांना वाटत होते. त्यांना पुन्हा त्या दारात उभे राहायचे होते. बाकी काही नको होते.

सूचना ३ : बूच लावण्यापूर्वी आतली हवा काढून टाकावी.

रविवारी संध्याकाळी एका दुकानाच्या माळ्यावर दहाबारा माणसे जमत आणि गप्प बसून प्रार्थना करत. एक निवृत्त मास्तर ते चालवायचे. बुटके, मवाळ गृहस्थ, दोन्ही हात सदैव कोटाच्या खिशात. बाइंडरबाई तिथे जाऊ लागल्या. खोली गार असे, म्हणून मांडीवर मी. कोणी काही विकत नव्हते, कोणी काही मागत नव्हते. मला तिथली शांतता आवडायची. नीट भरलेल्या पिशवीसारखी होती ती, गुडगुड नाही.

गडबड जिन्यात झाली. पिवळी छत्री घेऊन येणाऱ्या एक बाई खाली उतरता उतरता म्हणाल्या, "माझी कंबर अशीच गेली होती बरं का. डॉक्टर हरले. मग मी गोळ्या दिल्या फेकून आणि सगळं त्याच्यावर सोडलं. आता बघा, दोन जिने चढते."

"सगळ्या गोळ्या?"

"एक पाय इकडे, एक पाय तिकडे, असं त्याला चालत नाही हो. विश्वास तर विश्वास."

बाई तशी वाईट नव्हती. तिची कंबर बरी झाली होती आणि तिला ते सांगितल्यावाचून राहवत नव्हते, एवढेच. पण बाइंडरबाईंच्या मनात ते वाक्य रुतले. त्यांना वाटले, फट पडली ती इथेच. आपण अर्धवट विश्वास ठेवला. आपण पुरते त्याचे झालो तर तळवे पुन्हा मिटतील.

त्या बुधवारी वहिनीने नेहमीप्रमाणे बशीत सहा गोळ्या आणून दिल्या आणि ती पाण्याचे भांडे उतरवायला वळली. बाइंडरबाईंनी माझे एक बटण काढले. गोळ्या कार्डाच्या कप्प्यात गेल्या. बटण परत लागले. हे सगळे त्यांच्या त्या बोटांनी, वहिनी वळून येईपर्यंत. मला अजून नवल वाटते.

गुरुवारी मळमळ नव्हती. बाइंडरबाईंनी ती खूण मानली.

दुसरा बुधवार, तिसरा बुधवार. त्या गुणगुणत काम करू लागल्या. "मी माझा शब्द पाळतेय हं," असे हळूच कोणाला तरी म्हणत. वहिनीला आनंद झाला. तिने लॉन्ड्रीत सगळ्यांना सांगितले, आमच्या वन्संना उतार पडलाय, आता भराभर जेवतात.

खरे काय ते फक्त मला ठाऊक होते, कारण मी त्या हातांवर असे. माझी ऊब आणि सुजेची ऊब वेगळी असते. माझी तासाभरात निवते. चौथ्या आठवड्यापासून मी निवून जायची आणि मनगट तापलेलेच राहायचे. पाचव्या आठवड्यात अंगठ्याचे बूड लालभडक झाले. सहाव्या आठवड्यात त्यांच्या हातून सुई पडली ती उचलताच येईना, आणि त्यांनी ती सुई चुंबकाने उचलून वहिनी यायच्या आत डबीत ठेवली. त्याच आठवड्यात तो उसवलेला शब्दकोश त्यांनी हाती घेतला आणि परत खिडकीत ठेवून दिला. दोरा ओढायला अंगठा लागतो.

आम्हा पिशव्यांना एकच भाषा येते, गळण्याची. मी तेव्हा गळले असते तर गवसणी भिजली असती, गोळ्या सापडल्या असत्या. पण मी नवी होते, धडधाकट होते, माझ्यातून थेंब बाहेर आला नाही. आपल्या मजबुतीची मला त्या दिवसांइतकी लाज कधी वाटली नाही.

सातव्या बुधवारनंतर दोन दिवसांनी वहिनीने गवसणी धुवायला काढली. घरचा कपडा असला तरी हात लॉन्ड्रीचा. तिने आधी खिसा उलटा केला.

बेचाळीस गोळ्या जमिनीवर पडल्या.

ती एक एक वेचत बसली. सगळ्या बशीत भरल्या आणि बशी बाइंडरबाईंसमोर ठेवली.

"वन्सं, हे काय आहे?"

"गोळ्या."

"ते दिसतंय मला. इथं काय करतायत?"

बाइंडरबाईंनी हात शालीखाली घेतले.

"हात काढा बाहेर. बघू."

"तुला नाही कळायचं ते."

"का? मी काय बिनडोक आहे?"

"तुझी त्याची ओळख नाही. तूच म्हणतेस."

"त्याची नसेल. तुमची आहे ना?" वहिनीचा आवाज चढला नाही, उलट बसला. "दर बुधवारी बशी घेऊन उभी राहते ती मी. मला सांगायचं होतंत, 'वहिनी, मी बंद करतेय.' मी भांडले असते. भांडायला तरी मिळालं असतं."

ती उठली, लॉन्ड्रीत निरोप पाठवला, आणि बेचाळीस गोळ्या परत त्याच कप्प्यात भरून मला पुरावा म्हणून काखेत मारून निघाली. पुढे ती, मागे बाइंडरबाई.

डॉक्टरीणबाईंनी हातांचा एक्स-रे फोटो काढायला लावला आणि तो प्रकाशासमोर धरून पाहिला. गोळ्यांची आणि देवाची हकिकत वहिनीकडून ऐकूनही त्या रागावल्या नाहीत. "अंगठ्याचं बूड आणि ही दोन बोटं. इथं जे झालंय ते आता मागं येणार नाही. बाकीची बोटं वाचवू." मग चष्मा काढून त्यांनी विचारले, "त्याला काय सांगितलं होतंत तुम्ही?"

"तळवे मिटू देत म्हणून."

"आणि मला?"

"तुम्हाला कुठं सांगितलं."

"मग मलाही सांगत जा की. त्याच्याकडे गर्दी असेल. माझ्याकडे बुधवारी दुपारी कोणी नसतं."

बाइंडरबाईंनी टेबलावरचे हात मांडीवर घेतले. तळवे आता कधीच मिटणार नव्हते, हे त्यांना कळले होते.

सूचना ८ : वापर नसताना पिशवीत थोडी हवा राहू द्यावी, नाहीतर आतल्या बाजू एकमेकींना चिकटतात.

वहिनीचा राग माझ्यावरही निघाला. "चोरीत सामील," म्हणाली, आणि मला नुसती, रिकामी, कपाटावर फेकून दिले. बाजारातून एक विजेवर तापणारी शेकपट्टी आली. तिला वायर होती, दिवा होता, तीन बटणे होती. मी कपाटावर उताणी पडून धूळ खात राहिले. गरम असणे म्हणजेच असणे, असे मानणारी मी, पंखा फिरला की थरथरायचे. माझ्या आतल्या बाजू हळूहळू चिकटत गेल्या.

अकरा आठवडे. खाली दोघी एकमेकींशी कामापुरते बोलत.

"पट्टी लावलीय."

"हो."

"गोळ्या बशीत आहेत."

"घेते."

बाइंडरबाई गोळ्या घेत होत्या. गुरुवारी मळमळ परत आली होती. सूज उतरत होती. पण प्रेससमोर त्या उभ्या राहत नव्हत्या, रविवारी माळ्यावर जात नव्हत्या. हिशेबाने बघितले तर त्यांनी सव्वीस वर्षांची एक ओळख गमावली होती आणि घरातली दुसरी दुखावली होती.

मास्तर एकदा येऊन गेले. बसले, चहा नको म्हणाले. बाइंडरबाईंनी त्यांना फटीची गोष्ट सांगितली. बहुतेक पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितली.

मास्तरांनी खिशातून हात बाहेर काढले. दोन्ही हात थरथरत होते, थांबतच नव्हते.

"चहा नको म्हणालो तो यासाठी," ते म्हणाले. "सात वर्षं झाली. जोडले तर टाळ्या वाजवतोय असं वाटतं. मग खिशात ठेवतो आणि बसतो."

"त्याला चालतं?"

"विचारलं नाही बुवा. नाही म्हणाला तर काय घ्या."

त्या हसल्या नाहीत. पण मास्तर गेल्यावर बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या होत्या. मी वरून पाहत होते.

मग एका सकाळी वीज गेली.

शेकपट्टी गार पडली. बाइंडरबाई पलंगावर, हात छातीशी, बोटे मिटलेली. वहिनी दोनदा बटण दाबून पाहते, वायर हलवून पाहते, घड्याळाकडे पाहते. मग खुर्ची ओढून वर चढते आणि मला खाली काढते. माझ्या मानेत तोंड घालून तिने इतक्या जोरात फुंकर मारली की माझ्या चिकटलेल्या बाजू चर्रकन सुटल्या. दुखले. पण मित्रांनो, ते दुखणे मी कशाशीही बदलून घेणार नाही.

पाणी तापेपर्यंत साडेसहा होऊन गेले. एरवी मी दहा मिनिटे उजव्या हातावर, दहा मिनिटे डाव्या हातावर, अशी आळीपाळीने फिरे. त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता. गवसणी कुठे आहे तेही सापडेना. वहिनीने मला टॉवेलात गुंडाळले, बाइंडरबाईंचे दोन्ही हात पुढे ओढले आणि मला मधोमध उभी केली.

"धरा दोन्हीकडून. एकदम शेकले जातील. मला सातला इस्त्री तापवायचीय." पडू नये म्हणून तिने टॉवेलाचे टोक हातांवरून सैलसर गुंडाळले आणि धावत जिना उतरून गेली.

घर शांत झाले.

माझ्या एका बाजूला उजवा तळवा, दुसऱ्या बाजूला डावा. मध्ये मी. दोन तृतीयांश भरलेल्या, हवा काढलेल्या पिशवीची जाडी चार बोटे असते. हात छातीसमोर होते, बोटे वर होती. बाइंडरबाईंनी खाली पाहिले, आणि आपले हात कसे धरले गेले आहेत ते त्यांच्या ध्यानात आले.

त्या हलल्या नाहीत. मला वाटले आता त्या मला बाजूला ठेवतील. ठेवले नाही. माझ्यातल्या पाण्याला दोन्हीकडून दोन नाड्या लागत होत्या, एक इकडून, एक तिकडून, जरा मागेपुढे. हळूहळू त्या दोन्ही पाण्यात एक झाल्या. पिशवी म्हणून मी बरेच काही शेकले, पाठी, पोटे, एकदा वहिनीचा कान. असे कधी झाले नव्हते.

खूप वेळाने बाइंडरबाई म्हणाल्या, "बरं."

एवढेच. कोणाला म्हणाल्या ते मी विचारू शकत नाही. मला नव्हे, हे नक्की.

वीज दुपारी आली. शेकपट्टी पुन्हा लागली नाही.

त्यानंतर रोज सकाळी तो तास तसाच. फट भरून काढायची गरज उरली नव्हती. फटीत मी होते. काही दिवसांनी वहिनीने बुटाची नाडी बांधता बांधता विचारले, "वन्सं, तासभर काय मागता हो त्याच्याकडे?"

"काही नाही. बसते."

"आणि तो?"

"तोही काही मागत नाही."

"मग चांगलं जमतंय तुमचं," वहिनी म्हणाली.

बाइंडरबाई म्हणाल्या, "वहिनी, बुधवारी बशी धरून उभी राहशील का परत? नुसती ठेवून जाऊ नको."

"राहीन. पण आता गिळल्यावर आऽ करून दाखवायचं. जीभ वर."

"मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे."

"म्हणूनच. मोठ्या माणसांचे खिसे खोल असतात."

बाइंडरबाई हसल्या ते इतक्या दिवसांनी की त्यांना खोकला आला. त्या बुधवारी त्यांनी खरोखरच तोंड उघडून दाखवले. पुढच्याही. अजूनही दाखवतात.

अंगठा परत आला नाही. दोन बोटे वाकडीच राहिली. शब्दकोश शेवटी वहिनीने शिवला, सुट्टीच्या तीन दिवसांत, बाइंडरबाईंनी शेजारी बसून सांगितले तसा. "दोरा ओढ, पण पान कापू नको. इस्त्री नाहीये ती." एक फर्मा उलटा शिवला गेला, सगळे उसवावे लागले, आणि त्यावरून दोघी चांगल्या अर्धा तास भांडल्या. मला ते भांडण फार गोड लागले. आता बाइंडरबाई खळ लावतात, कापड बसवतात, प्रेसचा दांडा वहिनी फिरवते. काम निम्मे झाले आहे. वाईट दिवस येतात. आले की बाइंडरबाई हातांत मला धरून त्याच्याशी कडाकडा बोलतात, अगदी वहिनीशी बोलतात तसे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतात.

सहा वर्षे मी त्या दोन तळव्यांत राहिले. मग एका सकाळी टॉवेल ओला निघाला. मानेला चीर. वहिनीने मला उजेडात धरून पाहिले आणि खिडकीत वाळत ठेवले. नवी पिशवी आली, जांभळी. हिरवी गवसणी, लाल बटणासकट, आता तिच्या अंगावर आहे. मला वाईट वाटले नाही असे कसे म्हणू? पण टाकून कोणी दिले नाही. मी सध्या खळीच्या भांड्याखाली असते, भांडे सरकू नये म्हणून. इथून प्रेस दिसतो, पलंगही दिसतो. गरम नसतानाही मी आहे, हे मला इथे बसून कळले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी पिशवी असेल तर तिच्यात उकळते पाणी ओतू नका, आणि ठेवून द्यायची झाली तर तिच्यात थोडी हवा राहू द्या. तुमच्या घरी रोज दुखणारे माणूस असेल, तर त्याला "अजून बरं नाही का?" असे विचारू नका. "आज कुठं दुखतंय?" असे विचारा. त्याच्या देवाची थट्टा केलीत तरी चालेल, पण बशी धरून उभे राहा. आणि ते दुखणारे माणूस तुम्हीच असाल, तर गोळ्या घ्या आणि मग वाटेल तितका वेळ त्याच्यासमोर बसा. हात जुळत नसतील तर नसू देत.

गोळ्या सापडल्या त्या दिवशी दवाखान्यात बाइंडरबाईंना फोटो काढायला आत नेले तेव्हा वहिनी बाहेरच्या बाकावर, मला मांडीवर ठेवून, डोळे मिटून, वीस मिनिटे हात जोडून बसली होती.